जुनी स्पोर्ट्स मोटार, नवी स्पोर्ट्स मोटार आणि मधली फसवी गाडी

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील जुन्या मोटारगाड्यांवरचा लेख वाचला. जुनी, दुर्मीळ स्पोर्ट्स गाडी घेणे म्हणजे सोने घेण्यासारखे असून नवी गाडी शोरूमच्या दारातून बाहेर पडताच किंमत गमावते, तेव्हा हौस असेल त्याने डोळे मिटून जुनीच घ्यावी, असा त्या लेखाचा रोख होता. मी चिंचवडच्या एका कारखान्यातून मशीन शॉपचा अभियंता म्हणून निवृत्त झालो आणि उमेदीच्या काळात एक जुनी स्टँडर्ड हेराल्ड मोटार स्वतःच्या हाताने अकरा वर्षे चालती ठेवली. लेखातील मत मला अर्धेच पटले. जे पटले नाही त्यापायी एखाद्या वाचकाचे बरेच पैसे अडकून पडू शकतात, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

निमित्त घरचेच आहे. माझ्या पुतण्याला दोन आसनांची, उघड्या छपराची गाडी घ्यायची आहे आणि गेले चार महिने आम्ही दोघे गाड्या पाहत हिंडत आहोत. आमच्यासमोर तीन पर्याय आले. पहिला, कोल्हापूरकडील एका घराण्यात असलेली 1965 सालची ब्रिटिश एम.जी.बी. स्पोर्ट्स गाडी; दुसरा, मुंबईतील सुमारे पंधरा वर्षांची, पत्र्याचे छप्पर बटणाने घडी होणारी एक जर्मन गाडी; आणि तिसरा, एम.जी.चेच अष्टकोनी चिन्ह मिरवणारी नवी विजेवरची सायबरस्टर, जी भारतात 2025 मध्ये 74 लाख 99 हजार रुपयांना बाजारात आली. तिसरा पर्याय पुतण्याने केवळ पाहण्यापुरता ठेवला होता, कारण तेवढ्या पैशांत पुण्याच्या उपनगरात चांगली सदनिका येते. मात्र ती चालवून पाहिल्यावर एक गोष्ट लक्षात आली. जवळपास दोन टन वजनाची ती गाडी 100 किलोमीटरचा वेग साडेतीन सेकंदांच्या आत गाठते, आणि तिचा पुरा वेग वापरता येईल असा रस्ता आपल्याकडे कायद्याच्या चौकटीत कुठेही नाही. जुनी एम.जी.बी. टनाच्या आतली, 1798 घनसेंटीमीटर इंजिनाची, 95 अश्वशक्तीची. ताम्हिणीच्या वळणांवर ती पन्नासच्या वेगात जे देते ते नवी गाडी शंभरलाही देत नाही. वेगाच्या आकड्यांवरून ही निवड करू नये, एवढेच मला त्यातून म्हणायचे आहे.

आपल्या लेखकाने जुनी की नवी असे दोनच रकाने मांडले. आपल्यासारख्या बेताच्या ऐपतीच्या हौशी माणसापुढे प्रत्यक्षात येते ती मधली गाडी, म्हणजे बारा ते अठरा वर्षे वयाची, परदेशातून आलेली, नवी असताना साठ-सत्तर लाखांची आणि आता पंधरा लाखांत मिळणारी. ती नव्यासारखी दिसते आणि जुन्याच्या भावात येते, म्हणून माणूस भुलतो. माझ्या मते तिन्हींत टाळावी अशी हीच. मुंबईच्या त्या गाडीचे छप्पर अर्ध्यावर अडकले होते. मालक म्हणाले, किरकोळ सेन्सर आहे. आमच्या ओळखीच्या मेकॅनिकने डिकीचे अस्तर काढून पाहिले, तर छपराच्या कडेने पाणी वाहून जाण्याची भोके पानांनी तुंबलेली आणि छपराचा हायड्रॉलिक पंप पावसाळ्याच्या पाण्यात बसलेला. पंप बदलता येतो, पण त्याच्या शेजारचे नियंत्रक मॉड्यूल नवे बसवले की ते त्या गाडीच्या संगणकाशी जुळवून घ्यावे लागते, त्यासाठी कंपनीचे सॉफ्टवेअर लागते, आणि पंधरा वर्षांपूर्वीचे मॉड्यूल कारखाना अजून बनवत असेलच असे नाही. इथे फिटरचा हात कितीही बसलेला असला तरी कामाला येत नाही.

याउलट कोल्हापूरच्या गाडीत नादुरुस्त होऊ शकणारी प्रत्येक वस्तू डोळ्यांना दिसते. हवा आणि पेट्रोल मिसळणारे दोन एस.यू. कार्ब्युरेटर, डायनॅमो, आणि आसनांमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गिअर सहज बसवणारी यंत्रणा, नाही, त्यामुळे सिग्नलकडे सरकताना पहिला टाकायचा तर आमच्या पिढीला माहीत असलेला डबल क्लच करावा, म्हणजे क्लच दोनदा दाबावा लागतो. ही गाडी 1962 ते 1980 या काळात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन येथे पाच लाखांहून अधिक संख्येने बनली. म्हणूनच तिचे सुटे भाग आजही नव्याने तयार होतात. ब्रिटनमध्ये तर 1988 पासून जुन्या साच्यांवर तिचा संपूर्ण पत्र्याचा सांगाडाच पुन्हा घडवून विकला जातो. साठ वर्षांच्या गाडीचा ब्रेक सिलिंडर आठ-दहा दिवसांत घरपोच येतो आणि पंधरा वर्षांच्या गाडीच्या मॉड्यूलसाठी माणूस भंगाराचे बाजार पालथे घालतो, अशी ही उलटी गंगा आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या लेखात यायला हवी होती. एम.जी.बी.चे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-मालिकेतले, आणि आपल्या अँबॅसेडरमध्ये वर्षानुवर्षे चाललेले 1489 घनसेंटीमीटरचे इंजिनही त्याच घराण्यातले. सुटे भाग जसेच्या तसे बसतात असे नाही, पण ज्या मिस्त्रीने अँबॅसेडरचे टॅपेट लावले आहेत त्याला एम.जी.बी.चे बॉनेट उघडल्यावर परके वाटत नाही. असे मिस्त्री आता साठी ओलांडलेले आहेत आणि त्यांच्या मुलांच्या हातात स्कॅनर आहे, हेही तितकेच खरे. जुनी गाडी पाहायला जाण्याआधी मिस्त्री पाहावा, असे मी पुतण्याला पहिल्याच दिवशी सांगितले होते.

सोन्याच्या उपमेला माझा खरा आक्षेप नियमांमुळे आहे. केंद्र सरकारने 2021 मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेले आणि मूळ स्वरूप टिकवलेले वाहन व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीसाठी वीस हजार रुपये, पुनर्नोंदणीसाठी पाच हजार, मुदत दहा वर्षे, आणि नव्याने नोंद झालेल्या वाहनाला ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते. ऐकायला हे स्वस्त वाटते. परंतु अशी नोंद झालेली गाडी केवळ प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, देखभाल आणि इंधन भरणे यांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या किंवा व्यावसायिक वापराला ती चालत नाही. शनिवारी सकाळी बायकोला शेजारी बसवून भोरला मिसळ खायला जाणे यांपैकी कशात बसते, हे ज्याने त्याने ठरवावे.

दुसरा मार्ग म्हणजे गाडी सामान्य नोंदणीवरच ठेवून तिचे नूतनीकरण करत राहणे. तिथे ऑगस्ट 2025 च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरील आयात चारचाकीचे नूतनीकरण शुल्क ऐंशी हजार रुपये केले, जे पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाला 2022 पासून चाळीस हजार होते. नूतनीकरण पाच वर्षांचे असते, म्हणजे वर्षाला सोळा हजार रुपये गाडी चालवण्याच्या नुसत्या मुभेचे झाले. शिवाय राज्याचा पर्यावरण कर, विमा आणि पीयूसी वेगळे. मुंबईच्या मधल्या गाडीलाही याच पायऱ्या चढायच्या आहेत, मात्र पन्नाशी गाठून व्हिंटेजच्या सवलतीला पोहोचायला तिला आणखी पस्तीस वर्षे लागतील. विम्याचीही एक बाब सांगून ठेवतो. पाच वर्षांवरील वाहनाची विमा रक्कम तक्त्यावरून ठरत नाही, ती कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. त्यामुळे मूल्यांकन करून न घेता पॉलिसी घेतली, तर विमा कंपनी तिची किंमत भंगाराच्या आसपास धरू शकते.

पेट्रोलचा प्रश्नही जुन्या गाडीवाल्याने आधीच समजून घेतला पाहिजे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. नवी गाडी ते लक्षात घेऊनच बनते आणि तिचा संगणक मिश्रण आपोआप सांभाळतो. साठच्या दशकातील गाडीच्या रबरी नळ्या, इंधनपंपाचा पडदा आणि गॅस्केट मात्र इथेनॉलने फुगतात किंवा चिरतात, आणि इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेत असल्याने चार महिने पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत पाणी साठते. त्यावर उपाय आहेत. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालाव्यात, टाकी फार काळ अर्धी रिकामी ठेवू नये, आणि कार्ब्युरेटरच्या मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण थोडे वाढवावे, जे एस.यू.मध्ये खालचा नट किंचित फिरवून होते. जुन्या इंजिनाच्या व्हॉल्व्ह सीट, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतात त्या कडा, पेट्रोलमधल्या शिशामुळे झिजत नसत; शिसेयुक्त पेट्रोल देशभरातून 2000 साली गेले, तेव्हा त्या कठीण धातूच्या घातल्या आहेत का, हेही विक्रेत्याला विचारावे. उत्तर देताना तो अडखळला तर इंजिन उघडण्याचा खर्च किमतीतून वजा धरावा.

खरी भीती मात्र इंजिनाची नाही, पत्र्याची आहे. या गाडीला वेगळी चासी नाही; दरवाजाखालच्या सिल म्हणजे तिचा कणा. त्या आतून गंजतात आणि बाहेरून पुट्टी व रंग लावून तुकतुकीत दिसतात. आम्ही खिशात लोहचुंबक नेला होता. डाव्या सिलवर तो वीतभर जागेत चिकटलाच नाही. मालक सज्जन आहेत, त्यांनी लपवले असे मी म्हणणार नाही. बहुधा त्यांच्या वडिलांच्या काळातले काम असावे. चासी नंबरचा पेन्सिलने घेतलेला छाप आरसी बुकाशी जुळला, ही जमेची बाजू. पूर्वी दूतावासांच्या बऱ्याच गाड्या एसटीसीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या मार्फत विकल्या जात, आणि त्या काळातील कागद अपुरे असतील तर आरटीओत वर्षे जातात. कागद आणि पत्रा, या दोन्हींत गाडी उत्तीर्ण झाली तरच तिच्या सौंदर्याकडे पाहावे, आणि आपण नेमके उलट करतो. मीही तेच केले, हे कबूल करतो. बॉनेट उघडण्याआधी मी तिच्या तारांच्या चाकांभोवती दोनदा फिरून आलो होतो.

सुरक्षिततेच्या बाबतीत मी लेखकाशी वाद घालणार नाही, कारण त्यांनी तो विषय काढलाच नाही. एअरबॅग नाही, एबीएस नाही, पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक. जवळच्या माणसांना घेऊन रोज द्रुतगती मार्गाने जायचे असेल, तर कर्ज काढून का होईना, पण हमीच्या मुदतीतली नवी गाडीच घ्यावी, आणि स्पोर्ट्सचा हट्ट थोडा आवरून बंद छपराची घ्यावी. पुतण्याकडे रोजची गाडी आहे, बंगल्याला झाकलेली जागा आहे, आणि हात काळे करायची त्याची तयारी आहे. म्हणून त्याला मी जुनीकडे झुकण्याचा सल्ला दिला. किंमत वाढेल या आशेवर मात्र एक रुपयाही धरायचा नाही, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे.

व्यवहार अद्याप झालेला नाही. डावी सिल हातभर कापून आतला पत्रा दाखवाल का, असे आम्ही कोल्हापूरला विचारले आहे. कापलेली जागा आमच्या खर्चाने पुन्हा जोडून देऊ, असेही कळवले आहे. मालकांनी आठ दिवसांची मुदत मागितली आहे.

आपला नम्र,
एक जुना वाचक, चिंचवड, पुणे