दुसरं इंजिन म्हणजे स्टेपनी नव्हे

बारामती
१९ मे

दत्त्या,

परवा फोनवर म्हणालास, "तुझ्या विमानाला दोन इंजिनं आहेत ना, एक गेलं तर गेलं. दुसरं स्टेपनीच की." मी हसून विषय बदलला, कारण वहिनी शेजारीच होत्या. आता लिहितो, पण आईच्या कानावर जाऊ देऊ नकोस.

स्टेपनी गाडी थांबवून लावतात. तू तुझी बैलजोडी आठव. चालत्या गाडीचा एक बैल मटकन बसला तर दुसरा ओढतच राहतो आणि गाडी बसलेल्याच्या अंगावर वळते. विमानाचं तेच. डावं इंजिन गेलं की उजवं नाकाला डावीकडे रेटतं आणि आपण उजव्या पायाने रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, दाबून धरायचा. वेग जितका कमी तितका रडर दुबळा. म्हणून वेगाच्या घड्याळावर लाल रेघ असते, आमच्या सेनेकाला, म्हणजे आमच्या दोन इंजिनांच्या छोट्या विमानाला, ६६ नॉट्सवर. त्याखाली चालू इंजिन पूर्ण ताकदीवर असेल तर विमान पायाला जुमानत नाही, उलटतं. मारतं ते चांगलं इंजिन, बंद पडलेलं नव्हे. आणि ताकद निम्मी झाली म्हणून चढ निम्मा होत नाही, ऐंशी टक्के किंवा त्याहून जास्त जातो. बरीचशी ताकद नुसतं उडत राहण्यातच खर्च होते, चढायला मिळते ती उरलीसुरली.

विमान शिकायला येणाऱ्या पोरांकडून मी घोकून घेतो, "रिकामा पाय, मेलं इंजिन." ज्या पायाला काम नाही त्या बाजूचं बंद. तरी लगेच ते कापायचं नाही. आधी त्या बाजूचा थ्रॉटल, म्हणजे ताकद कमी-जास्त करायचा दांडा, मागे घेऊन बघायचा. काहीच फरक पडला नाही, तर ओळख बरोबर. पोरांना हा सोपस्कार वाटतो. २०१५ च्या फेब्रुवारीत तैपेईहून उडाल्या उडाल्या एका एटीआर ७२ या प्रवासी विमानाच्या उजव्या इंजिनाची ताकद गेली आणि कॅप्टनने डावं, चांगलं इंजिन बंद केलं. ४३ माणसं गेली.

माझं मात्र पुस्तकाप्रमाणे काहीच झालं नाही. गेल्या आठवड्यात संभाजीनगरला निघालो होतो, साडेसात हजार फुटांवर. समोर नाथसागर चकाकत होता. शेजारचा शिकाऊ पोरगा म्हणाला, "सर, डाव्या इंजिनावर पाणी आहे का?" पाणी कुठलं! कव्हरच्या फटीतून तेलाचा ओघळ मागे पसरत पंखापर्यंत आला होता, उन्हात मधासारखा. ऑइल प्रेशरचा काटा हिरव्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला टेकलेला. इंजिन मात्र झकास चाललं होतं. नाक सरळ, दोन्ही पाय रिकामे.

माणूस फसतो तो इथंच. मन म्हणतं, चालतंय तोवर चालू दे, पंचवीस मैल तर राहिलेत. पण प्रॉपची, म्हणजे इंजिनाच्या पंख्याची, एक गोम आहे. त्याची पाती कामाच्या कोनात धरून ठेवतं ते इंजिनाचंच तेल. तेलाचा दाब सोडला की स्प्रिंग आणि वजनं पाती वळवून वाऱ्याला कड देतात, त्याला आम्ही फेदर म्हणतो. पण जमिनीवर इंजिन बंद करताना पाती दरवेळी वळू नयेत म्हणून आत पिना असतात, आणि फेरे साधारण आठशे-हजारच्या खाली आले की त्या अडकतात. तेलावाचून इंजिन जाम झालं, तर फेदर करायची वेळ निघून गेलेली असते. मग ती पाती वाऱ्याला छाती काढून उभी राहणार आणि दुसरं बिचारं इंजिन त्यांनाही ओढणार.

म्हणून चांगलं वाजणारं इंजिन माझ्या हाताने बंद केलं. थ्रॉटल मागे घेतला तसं नाक डावीकडे निघालं, उजवा पाय आपसूक गेला. पोराला मोठ्याने विचारलं, "कुठलं?" "डावं, सर." लिव्हरवर बोट ठेवून पुन्हा विचारलं, "हेच ना?" मग फेदर, मग मिक्स्चर, म्हणजे इंजिनात जाणारं इंधन, बंद. पाती दोन-तीन गिरक्या घेऊन थांबली. खाली शेतं सरकतायत आणि शेजारी प्रॉप कॅलेंडरातल्या चित्रासारखा गप्प. मला शाळेत तबला थांबल्यावर पेटी एकटीच वाजत राहायची ते आठवलं. असल्या वेळी काय आठवेल सांगता येत नाही.

चालू इंजिनाकडे चार-पाच अंश झुकवून ठेवलं, पेट्रोल तोडलं, टॉवरला पॅन-पॅन, म्हणजे 'अडचणीत आहोत', सांगितलं. चाकं उशिरा काढली, कारण चाकं आणि फ्लॅप खाली असताना एका इंजिनावर पुन्हा वर जाणं जवळपास अशक्य. एकदाच उतरायचं होतं आणि उतरलो. अग्निशमनची गाडी टॅक्सीवेपर्यंत मागोमाग आली, जवानांनी हातही हलवले. उजवा पाय मात्र पुढचा अर्धा तास लटपटत होता.

आता खरं काय झालं ते. मेकॅनिकने कव्हर उघडलं. तेलाचं झाकण नळीवर नव्हतंच, शेजारी पडलं होतं. आटे शाबूत. त्या सकाळी एक क्वार्ट, म्हणजे लिटरभर, तेल मीच ओतलं होतं. तेवढ्यात चहा आला. झाकण नुसतं टेकवून मी ग्लास घेतला, पंखावर ठेवला, इंधनवाल्याशी हापूसच्या भावावर बोललो आणि कव्हर लावून टाकलं. पोराला तिथंच सगळं सांगितलं. तो काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र माझ्यासमोर दोन्ही झाकणं दोनदा फिरवून बघत होता.

पुढच्या महिन्यात पेरणीआधी येतो. तुझ्या ट्रॅक्टरचं तेल तू स्वतः बघतोस की गड्यावर सोडतोस, ते कळव.

तुझा,
सुधा