सुती कागदाच्या सदोष लॉटबद्दल तक्रार

प्रति,
निर्यात व ग्राहक सेवा विभाग

विषय : शंभर टक्के सुती पातळ कागदाची कबूल केलेली जाडी न पाळल्याबद्दल आणि न कळवता त्यात खडूची भरणी केल्याबद्दल

महोदय,

मी अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात राहतो. काळ्या दारूवर चालणाऱ्या, एकोणिसाव्या शतकातल्या शार्प्स पद्धतीच्या रायफलीने लांब पल्ल्याची नेमबाजी करतो. मी वापरतो त्या प्रकारात शिशाची गोळी उघडी जात नाही, तिच्याभोवती पातळ सुती कागद गुंडाळावा लागतो. आपला कागद मागवला तो यासाठीच, आणि ऑर्डर देतानाच तसे लिहून कळवले होते. इथे पूर्वी टाइपरायटरसाठी असा कागद सहज मिळायचा. टाइपरायटर गेले आणि तोही दुर्मीळ झाला. आपला आधीचा लॉट उत्तम निघाला, म्हणून पुन्हा आपल्याकडेच आलो. या वेळी आपण ई-मेलवर ‘जाडी ५१ मायक्रॉन, भरणी नाही’ असे कबूल केलेत आणि त्यासाठी नेहमीपेक्षा चढा दर लावलात. दर मी भरला. माल मात्र दोन्ही अटींत नापास आहे.

पुढचा हिशेब आपल्या उत्पादन विभागातल्या कोणीतरी शांतपणे वाचावा. माझ्या रायफलीच्या नळीचा आतला व्यास, गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा सोडून, ०.४५० इंच आहे. गोळी मी ०.४४२ इंचाची ओततो. तिच्यावर कागदाचे दोन वेढे बसतात, म्हणजे व्यासात दोन्ही बाजूंचे मिळून कागदाचे चार थर आले. ५१ मायक्रॉन म्हणजे इंचाचे दोन हजारांश. चार थरांचे आठ. ०.४४२ मध्ये ते मिळवा, ०.४५० होतात आणि गोळी बोटाच्या दाबाने नळीत सरकते. आपला नवा कागद एकाच तावाच्या एका कडेला ५६ मायक्रॉन भरतो, तर दुसऱ्या कडेला ६६. म्हणजे एकाच तावातून कापलेल्या पट्ट्यांनी एक गोळी ०.४५१ ची होते, दुसरी ०.४५२ च्याही वर जाते, आणि ती नळीत शिरतच नाही. मोजमाप मायक्रोमीटरने केले आहे, फोटो सोबत जोडले आहेत.

आता भरणीबद्दल. पट्टी ओली करून, विडी वळावी तशी, गोळीवर घट्ट वळायची असते. पट्टीची टोके तिरकी कापतात, म्हणजे दोन वेढे पुरे झाल्यावर कडा एकमेकींना नेमक्या टेकतात. एकीवर दुसरी चढता कामा नये, मध्ये फटही राहता कामा नये. बुडाशी उरलेला कागद पिळून त्याची शेपटी करायची आणि वाळू द्यायचे. ओला सुती कागद एवढे सगळे सोसतो, कारण त्याचे तंतू लांब असतात. आपल्या नव्या कागदाची शेपटी पिळता पिळता हातात येते. शंका आली म्हणून एका तुकड्यावर व्हिनेगरचा थेंब टाकला, तर त्यात बारीक बुडबुडे उठून फसफसायला लागले. खडू असल्याशिवाय असे होत नाही. आधीच्या लॉटच्या तुकड्यावर तसाच थेंब टाकला, तो नुसता पसरून जिरला. तंतूंची जागा खडूने घेतली की ओला कागद तुटणारच, हे कागदवाल्यांना मी सांगायची गरज नाही.

तरी निवडून निवडून बऱ्यापैकी बसलेल्या गोळ्या घेऊन मी न्यू मेक्सिकोत रॅटनजवळच्या रेंजवर १००० यार्डांवर गेलो. बार उडाला की दारूच्या धक्क्याने मऊ शिसे फुगून खाचांत बसते, खाचांच्या कडा कागद चिरतात, आणि नळीबाहेर पडताच त्याच्या चिंध्या होऊन तो गोळीपासून सुटतो. सुटायलाच हवा. एखादा तुकडा गोळीला चिकटून राहिला, तर गोळी भरकटते. लक्ष्यापर्यंत पोचायला तिला तीन सेकंदांहून जास्त वेळ लागतो, त्यामुळे सुरुवातीची बारीकशी चूकही शेवटी काही फुटांची होते. आधीच्या लॉटच्या लांबट, स्वच्छ चिंध्या नळीच्या तोंडापुढच्या गवतात पडलेल्या सापडायच्या. या वेळी काही बारांनंतर गोळामोळा झालेले कागदाचे बोळे सापडले, काहींनंतर काहीच नाही. लक्ष्यावरचे नेम कुठे लागले ते लिहीत बसत नाही.

आपल्या प्रतिनिधींशी फोनवर बोललो. त्यांचे पहिले म्हणणे, ‘हातकागदात थोडाफार फरक असायचाच.’ मान्य आहे, म्हणूनच मी हातकागद मागवला नव्हता. आपल्या इन्व्हॉइसवरही ‘यंत्रनिर्मित’ असेच छापले आहे. दुसरे, ‘खडूमुळे कागद वर्षानुवर्षे पिवळा पडत नाही, चित्रकार खूश असतात.’ चित्रकारांचा आनंद मला मान्य आहे, पण माझ्या कागदाचे आयुष्य नळीतून बाहेर पडेपर्यंतच असते. तिसरे, ‘एवढ्या बारीक फरकाने काय होतंय?’ १८७४ साली न्यूयॉर्कजवळ क्रीडमूरच्या मैदानावर अमेरिकेचा संघ आयर्लंडच्या संघाशी ८००, ९०० आणि १००० यार्डांवर खेळला आणि ९३४ विरुद्ध ९३१ असा जिंकला. अमेरिकनांच्या शार्प्स आणि रेमिंग्टन रायफलींत असेच कागद गुंडाळलेले शिसे होते. सगळा सामना तीन गुणांवर गेला. या खेळात बारीक फरक म्हणून सोडून देण्यासारखे फार थोडे असते.

आणि शेवटी त्यांनी दबक्या आवाजात विचारले, ‘साहेब, हे कायदेशीर आहे ना?’ आहे. इथे त्याच्या रीतसर स्पर्धा होतात. शिवाय कागदाचा हा उपयोग आपल्याकडे अगदीच अपरिचित म्हणता येणार नाही. १८५७ च्या काडतुसांची चरबी आपल्याला शाळेपासून पाठ आहे. त्या एन्फिल्ड रायफलीत दाताने काडतूस फोडून दारू ओतली, की गोळी तिच्याभोवतीच्या चरबी लावलेल्या कागदासकटच नळीत ठासत. कागद गोळीचाच भाग होता. तेव्हा आपल्या कार्यालयात ‘गोळीला कागद कशाला?’ म्हणून जो हशा झाला, तो फोनवर मला ऐकू आला, एवढे नोंदवून ठेवतो.

माझी मागणी साधी आहे. कबूल केलेल्या जाडीचा, भरणी नसलेला कागद बदलून द्यावा. पाठवण्याआधी त्याच लॉटमधला एक पूर्ण ताव, चारही कोपऱ्यांची आणि मधली जाडी लिहून, नमुना म्हणून पाठवावा. मी मोजून होकार कळवला की उरलेला माल रवाना करावा. असा कागद सध्या आपल्याकडे बनत नसेल तर तसे स्पष्ट सांगावे आणि कागदाची किंमत, जादा दर आणि विमानाने मागवण्याचे भाडे परत करावे. पुढच्या ऑर्डरवर सवलत देण्याचा जो प्रस्ताव फोनवर आला, तो मला मान्य नाही.

आलेल्या मालातली एकच रीम उघडली आहे, बाकीच्या सीलबंद आहेत. त्या परत हव्या असतील तर कुरिअरची व्यवस्था आपल्या खर्चाने करावी. पंधरा दिवसांत लेखी उत्तर यावे. फोन नको, फोनवर झालेले बोलणे आपल्याकडे कुणाच्याच लक्षात राहत नाही.

कळावे,
आपला ग्राहक
(नाव, पत्ता व ऑर्डर क्रमांक सोबतच्या इन्व्हॉइसवर)

सोबत : इन्व्हॉइसची प्रत, जाडी कबूल केल्याचा ई-मेल, मोजमापाचे फोटो, दोन्ही लॉटच्या कागदाचे तुकडे