आधी पाठ ठरवा, मग पडदा

महोदय,

नागपूर शहरातील आणि जिल्ह्यातील शाळांमध्ये स्मार्ट टीव्ही, प्रोजेक्टर आणि इंटरॅक्टिव्ह पॅनेल पोहोचत आहेत, याचा गणिताचा एक जुना शिक्षक म्हणून मला मनापासून आनंद आहे. मात्र शाळा ‘डिजिटल’ झाली की नाही हे वर्गात कोणते उपकरण बसले यावरूनच ठरते आणि त्या उपकरणामुळे कोणता पाठ मुलांना अधिक समजला, हे कोणी विचारत नाही, ही मला मोठी उणीव वाटते.

साहित्याचा तुटवडा नाही. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आहेत आणि ‘दीक्षा’ हे केंद्र सरकारचे ऑनलाइन शैक्षणिक व्यासपीठ २०१७ पासून उपलब्ध आहे. तरीही पुष्कळदा चित्रफीत लावली जाते, मुले ती शांतपणे पाहतात आणि तास संपतो. याउलट, जिओजेब्रा या मोफत आणि इंटरनेटविनाही चालणाऱ्या सॉफ्टवेअरवर त्रिकोण काढून, त्याचा शिरोबिंदू सरकवण्याआधी ‘आता कोनांची बेरीज वाढेल की कमी होईल?’ असे विचारावे आणि प्रत्येकाला आपला अंदाज वहीत लिहायला लावावा. कोन बदलत असूनही बेरीज १८० अंशच राहते हे पाहिल्यावर मुले स्वतःहून ‘असे का?’ म्हणू लागतात. त्याचे उत्तर पडदा देत नाही. त्यासाठी शिक्षकाला फळ्यापाशी जाऊन पायाला समांतर रेषा काढून सिद्धताच द्यावी लागते.

भूगोलाचेही तसेच. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. इस्रोच्या ‘भुवन’ संकेतस्थळावरील उपग्रह प्रतिमांवर मुलांनी या नदीचा मार्ग शोधला, काठावरील बांधकामे पाहिली आणि मग शिक्षकांसोबत प्रत्यक्ष नदीकाठी जाऊन पडताळणी केली, तर पूर का येतो हे त्यांना वेगळे शिकवावे लागणार नाही.

असे तास घडवायला शिक्षकांना तयारीसाठी वेळ लागतो, आणि अशैक्षणिक कामांमुळे तोच त्यांच्याकडे उरत नाही. प्रशिक्षणात यंत्र कसे चालवावे हे सांगितले जाते, पण पाठात ते कोणत्या क्षणी वापरावे आणि केव्हा बंद करावे यावर क्वचितच बोलले जाते. केंद्रस्तरीय, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत दर वेळी एका शिक्षकाने असा एक पाठ प्रत्यक्ष मुलांसमोर घ्यावा आणि इतरांनी त्यावर मोकळी चर्चा करावी, अशी माझी सूचना आहे.

शिवाय, वीजबिल आणि दुरुस्ती यांची तरतूद खरेदीच्या मंजुरीतच असायला हवी. पुढील खरेदीपूर्वी जिल्हा परिषद आणि महापालिका या दोन्ही शिक्षण विभागांनी सध्याची उपकरणे कोणत्या इयत्तेत, कोणत्या विषयासाठी वापरली जातात याची शाळानिहाय माहिती घेऊन ती पालकांसाठी जाहीर करावी, ही विनंती.

– एक निवृत्त गणित शिक्षक, नागपूर