एकाच मापानं कापलेली हरळी: लॉनच्या नुकसानीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
बाग व लॉन देखभाल सेवा

परभणी, दि. 5 ऑगस्ट 2024

विषय: गवताची जात, ऊन आणि पाऊस न पाहता केलेल्या कापणीमुळे लॉनचं झालेलं नुकसान, त्याची दुरुस्ती व पैसे परत मिळणेबाबत.

महोदय,

जानेवारीत मी तुमच्याशी वर्षाचा करार केला. महिन्यातून दोन फेऱ्या, महिन्याला 1,500 रुपये, म्हणजे वर्षाचे 18,000 रुपये. सगळी रक्कम आगाऊ भरली. मे आणि जुलैमधल्या दोन कापण्यांनी माझ्या अंगणाची जी दशा झाली ती फोनवर तुमच्या ऑफिसला तीनदा सांगून झाली. प्रत्येक वेळी "माणूस पाठवतो" असं उत्तर मिळालं आणि कुणीही आलं नाही. म्हणून आता लेखी तक्रार करत आहे.

माझ्या अंगणात दोन प्रकारचं गवत आहे. फाटकापासून ओट्यापर्यंत, दिवसभर ऊन असलेल्या भागात आपली साधी हरळी. बाजूच्या कडुनिंबाखाली बारीक पातीचं कोरियन कार्पेट. हरळीला ऊन लागतं, ती भराभर पसरते आणि पाऊस लागला की आठवड्याला कापावी लागते. कोरियन सावकाश वाढतं आणि एकदा खरवडलं गेलं की भरून यायला फार दिवस घेतं. सावलीतल्या गवताला ऊन कमी मिळतं, म्हणून त्याची पात जरा उंचच ठेवावी लागते. करार करताना तुमच्या माणसाला मी दोन्ही भाग फिरून दाखवले होते. तरी पहिल्या फेरीपासून आजपर्यंत मशीनच्या चाकाजवळची, कापणीची उंची ठरवणारी खाच एकदाही बदललेली मी पाहिली नाही. उन्हात तेच माप, सावलीत तेच, थंडीत तेच आणि उन्हाळ्यातही तेच. जानेवारीच्या थंडीत हरळी फारशी वाढत नाही, तेव्हाही दोन्ही फेऱ्यांना मशीन फिरलं. त्याबद्दल मी काही बोलले नाही, कारण नुकसान दिसत नव्हतं.

एप्रिलमधल्या दोन्ही फेऱ्या तुम्ही चुकवल्या. तोवर हरळी चार इंच झाली. मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी तुमच्याकडे कामाला असलेला मुलगा आला आणि एका दमात सगळं खालपर्यंत कापून गेला. मी त्याला थांबवायला गेले तर म्हणाला, "काकू, बारीक मारलं की महिनाभर बघायला नको." तो गेल्यावर मी पट्टी लावून मोजलं. चार इंचांच्या गवतातलं पाऊण इंच उरलं होतं.

एका वेळी पातीचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग कापायचा नाही, हा लॉनच्या कामातला अगदी पहिला धडा. गवताचं अन्न पातीत तयार होतं. पातच काढून टाकली की मुळांची वाढ थांबते आणि झाड साठवलेल्या अन्नावर कसंबसं तग धरतं. वाढलेलं गवत खाली आणायचंच असेल तर दोन-तीन कापण्यांत, मध्ये चार-सहा दिवस जाऊ देऊन आणायचं. त्यातून परभणीचा मे! या दिवसांत पात एरवीपेक्षा उंच ठेवायची असते, म्हणजे तिची सावली मातीवर पडते आणि ओल टिकते. तुम्ही नेमकं उलटं केलं. हिरवा थर निघून गेला, खालच्या पिवळ्या काड्या चाळिशीपारच्या उन्हात उघड्या पडल्या आणि पाचव्या दिवशी अंगणात कडबा पसरल्यासारखं दिसू लागलं.

आमच्याकडे नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. हे लॉन मी आंघोळीच्या आणि भाज्या धुतलेल्या पाण्यावर, बादली-बादली करून जगवलं आहे. उन्हाळ्यात लॉन कशाला, असं विचारणाऱ्यांना मी हेच सांगत आले की हरळी थोड्या पाण्यावर राहते, फक्त तिला नीट कापायला हवं. जूनचा पाऊस पडला तेव्हा मेलेल्या जागी हरळी फुटली नाही. उघड्या मातीत ऊन पोहोचलं होतं, तिथे गाजरगवत आणि लव्हाळा आला. लव्हाळ्याच्या गाठी मी रोज सकाळी खुरप्यानं काढते आहे.

पातीबद्दलही सांगते. कापल्यानंतर मी हरळीच्या चार पाती तोडून भिंगाखाली धरल्या. धारदार पात्यानं कापलेली पात सरळ तुटते. या पातींची टोकं चिंध्या झालेली होती, शेवटी पांढरट धागे लोंबत होते. पात कापली गेली नव्हती, ओरबाडली गेली होती. म्हणजे मशीनच्या पात्याला कित्येक दिवसांत धार लावलेली नाही. लांबून अंगण करपल्यासारखं दिसतं त्याला ही टोकंही कारण आहेत.

आता जुलै. रात्रभर पाऊस झाला आणि सकाळी साडेसातला तुमचा माणूस मशीन घेऊन हजर. माझे सासरे 82 वर्षांचे आहेत, सगळं आयुष्य काळ्या रानात गेलं. ते फाटकात उभे राहून म्हणाले, "बाबा, वाफसा नाही, आज नको." वाफसा म्हणजे पावसानंतर माती काम करण्याइतकी सुकणं. त्यांनी मूठभर माती उचलली, तिचा गोळा केला आणि त्याच्यासमोर खाली टाकला. गोळा फुटला नाही, थापटीसारखा बसला. तरी त्यानं मशीन घातलं, कारण त्याच्या कार्डावर ती तारीख होती. चाकांच्या दीड-दोन इंच खोल चाकोऱ्या पडल्या. आमची काळी माती सुकली की दगड होते, त्या चाकोऱ्या आता तशाच घट्ट झाल्या आहेत. सासरे रोज पहाटे याच गवतावर अनवाणी फिरतात. गेल्या आठवड्यात चाकोरीत पाय मुडपून ते पडता पडता वाचले. त्या दिवसापासून त्यांचं फिरणं बंद आहे.

त्या मुलावर माझा राग नाही. त्याला कुणी शिकवलेलंच नाही. राग तुमच्यावर आहे, कारण तुम्ही त्याच्या हातात बोथट पात्याचं मशीन आणि तारखांचं कार्ड दिलं आणि "लॉनची सगळी काळजी आमची" म्हणून माझ्याकडून पैसे घेतले.

माझ्या मागण्या अशा. एप्रिलच्या न झालेल्या दोन फेऱ्या आणि नुकसान करणाऱ्या दोन, अशा चार फेऱ्यांचे 750 रुपयांप्रमाणे 3,000 रुपये परत करावेत. पाऊस आहे तोवर, म्हणजे याच महिन्यात, मेलेल्या जागी हरळीच्या मुळ्या आणि कडुनिंबाखाली कोरियनचे तुकडे तुमच्या खर्चानं लावून द्यावेत. चाकोऱ्या नुसत्या मातीनं बुजवू नयेत. आधी बागेच्या दाताळ्या काट्यानं माती मोकळी करून, मग माती आणि कुजलेलं शेणखत घालून सपाट कराव्यात. पुढच्या कापण्यांत उन्हातली हरळी पावसाळ्यात दीड इंच आणि उन्हाळ्यात दोन इंच, कडुनिंबाखालचं कोरियन दोन इंच ठेवावं, आणि हे माप कार्डावर लिहून द्यावं. तारीख असली तरी वाफसा नसेल तर त्या दिवशी मशीन आत येणार नाही. थंडीत गवत वाढलं नसेल तर ती फेरी पुढे ढकलावी. आणि दर फेरीला कापण्याआधी पात्याची धार मला दाखवावी.

7 सप्टेंबरला गणपती आहेत. दूर्वा म्हणजे हीच हरळी, आणि गल्लीतल्या सात-आठ घरांच्या दूर्वा दरवर्षी याच अंगणातून जातात. ओट्याजवळची थोडी हरळी वाचली आहे, तिथे तोपर्यंत मशीन फिरवू नये.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर द्यावं. न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

पाहणीला कुणी येणार असेल तर सकाळी नऊनंतर यावं, सासरे घरी असतात. चाकोऱ्या तेच दाखवतील.

कळावे,
आपली ग्राहक

सोबत: कराराची प्रत, पैसे भरल्याची पावती, मे व जुलैमधले अंगणाचे फोटो, पट्टी लावून काढलेला फोटो.