हुर्यो कोणाच्या कानांवर पडतो

इंडियानापोलिस, अमेरिका,
१७ नोव्हेंबर

तीर्थरूप जिभाऊ यांस,
धाकट्या बहिणीचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले. शाळांच्या लेझीम आणि ढोल-पथकांच्या स्पर्धेत जे घडले ते वाचून दोन दिवस मन लागले नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळेतली मुले पहाटे निघून तालुक्याला आली, ऐन रंगात आल्यावर एका मुलाच्या ढोलाची दोरी सुटली, आणि मांडवातल्या मोठ्या माणसांनी शिट्ट्या मारून त्यांचा हुर्यो उडवला. निकालाच्या वेळी तर पहिल्या आलेल्या शाळेलाही तोच प्रकार सोसावा लागला. २६ जानेवारीच्या कार्यक्रमाची जबाबदारी आता तुमच्यावर आहे आणि इकडच्या स्पर्धांमध्ये प्रेक्षक कसे वागतात असे तुम्ही विचारले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमची भाची शाळेच्या बँडमध्ये मेलोफोन नावाचे पितळी वाद्य वाजवते, हे तुम्हाला माहीत आहेच. या बँडची मुले एका जागी उभी राहून वाजवत नाहीत. अमेरिकी फुटबॉलच्या शंभर यार्डांच्या मैदानावर चालत, धावत, मागे सरकत, आकृत्या करत ती वाजवतात. आठ पावलांत बरोबर पाच यार्ड कापायचे, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचे, असा त्यांचा मूळ हिशेब असतो. कोणत्या सुराला आपण कोणत्या रेषेपासून किती पावलांवर असायचे हे प्रत्येक मूल पाठ करते. काही मिनिटांच्या कार्यक्रमासाठी ऐन उन्हाळ्यात, तापलेल्या मैदानावर दिवसदिवसभर सराव चालतो. लेकीच्या सरावाच्या बुटांचे तळवे सप्टेंबर उजाडण्याआधीच झिजून गुळगुळीत झालेले मी पाहिले आहेत.

मागच्या शनिवारी आम्ही शाळांच्या बँडच्या राष्ट्रीय स्पर्धेची अंतिम फेरी पाहायला गेलो होतो. ती इथल्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये होते. अंतिम फेरीत बारा बँड असतात. एखाद्या बँडचे वादन सुरू झाले की ये-जा बंद होते आणि उशिरा आलेल्यांना ते वादन संपेपर्यंत दाराशीच थांबावे लागते. निवेदक ड्रम मेजरला, म्हणजे बँडच्या म्होरक्याला, तयारी विचारतो, मग बँडला स्पर्धेतले सादरीकरण सुरू करण्याची परवानगी देतो, आणि तेवढ्यावर हजारो माणसे गप्प होतात. हळुवार भाग चालला असता कोणी आपल्या मुलाचे नाव घेऊन ओरडले, तर आजूबाजूचे लोक वळून पाहतात. तेच सगळी पितळी वाद्ये एकदम भरून वाजली, की लोक वादन संपण्याची वाट न पाहता उठून टाळ्या वाजवतात, आणि तेही कोणाला खटकत नाही. शांत कधी राहायचे आणि दाद कधी द्यायची, हे त्यांना ऐकून ऐकून कळलेले असते.

या शांततेमागे शिष्टाचाराशिवाय आणखी एक कारण आहे. तुम्ही पथक शिकवता, तेव्हा ते तुम्हाला चटकन पटेल. हे मैदान पुढून मागे साधारण एकोणपन्नास मीटर खोल असते. पार मागून वाजलेला ताशाचा ठोका पुढच्या कडेला पोहोचायला सेकंदाचा सुमारे सातवा हिस्सा लागतो. ऐकताना हे काहीच वाटत नाही, पण मिनिटाला एकशे ऐंशी ठोक्यांची लय असेल, तर तेवढ्यात ठोक्याचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग निघून जातो. म्हणून पुढच्या कडेला मांडलेल्या वाद्यांची मुले मागून येणाऱ्या ठोक्याकडे कान लावून वाजवतात, म्हणजे प्रेक्षकांपर्यंत सगळे एकत्र पोहोचते. प्रेक्षकांत आरडाओरडा झाला, की त्यांचा तो कानांचा आधारच सुटतो. तुमच्या पथकातही मागच्या ओळीची मुले हलगीच्या आवाजावरच लेझीम झुलवतात ना? शिट्ट्यांच्या गोंगाटात ती हलगी त्यांना ऐकू कशी येणार? ढोलाची दोरी एकाची सुटली होती, पण पुढे ताल गेला तो सगळ्यांचा, आणि त्यात प्रेक्षकांचा वाटा नक्कीच होता.

तरीही इकडचे सगळे लोक सोन्यासारखे आहेत असे समजू नका. एकवीस-बावीस वर्षांपर्यंतच्या मुलांची ‘ड्रम कोर’ नावाची उन्हाळी पथके असतात. त्यांच्या सध्याच्या स्वरूपातल्या मोठ्या स्पर्धा १९७२ पासून चालू आहेत. २००४ मध्ये तिथे ध्वनिवर्धकाला आणि २००९ मध्ये सिंथेसायझरला परवानगी मिळाली, तेव्हा जुने रसिक फार चिडले. त्याच्याही आधी, १९९३ साली, इंडियानाच्याच ‘स्टार’ या पथकाने कानांना सवय नसलेले, कर्कश वाटावे असे आधुनिक संगीत मैदानावर आणले, तेव्हा प्रेक्षकांतल्या काहींनी त्यांचा उघड हुर्यो उडवला. त्या वर्षी हे पथक शंभरपैकी अवघ्या एका दशांश गुणाने दुसरे आले. पुढे तीच मंडळी रंगमंचाकडे वळली, त्यांच्या कार्यक्रमाला २००१ मध्ये अमेरिकी रंगभूमीचे टोनी पारितोषिक मिळाले, आणि ज्या सादरीकरणावर लोक ओरडले होते, ते आज जाणकार मन लावून पाहतात. न आवडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, हे मलाही मान्य आहे. पण टाळी न वाजवता बसून राहिले तरी नापसंती पुरेशी कळते. ओरडण्याची गरज मला कुठेच दिसत नाही.

जिभाऊ, आता जे लिहिते ते अजून आईलाही सांगितलेले नाही. गेल्या वर्षी ऑक्टोबरात एका स्पर्धेला आम्ही गेलो होतो. निकालाच्या वेळी सगळ्या बँडची मुले मैदानावर रांगा धरून, नजर समोर ठेवून, स्तब्ध उभी असतात. गुण शंभरपैकी, दशांशानंतर दोन अंकांपर्यंत मोजतात आणि खालून वर वाचत येतात. आमच्या मुलांनी त्या दिवशी फार सुंदर वाजवले होते, असे मला आजही वाटते. त्यांचे नाव अपेक्षेच्या बरेच आधी वाचले गेले, तेव्हा आमच्या भागातले पालक खवळले आणि ओरडू लागले. मीसुद्धा ओरडले. दोन्ही हात तोंडाशी धरून, पोटातून ओरडले. मला परीक्षकांना ऐकवायचे होते. पण परीक्षक वरच्या बंद खोलीत बसले होते, आणि गुणपत्रके देऊन त्यांचे काम केव्हाच संपले होते. तो आवाज मैदानात उभ्या असलेल्या मुलांवर पडला. पुढच्या क्रमांकाचे नाव आमच्या आरडाओरड्यातच वाचले गेले, आणि त्या बँडची मुलगी बक्षीस घ्यायला पुढे आली, ती खाली मान घालून. माझी लेक तिच्यापासून चार पावलांवर होती. तिने नजर समोरून हलवली नाही, पण तिची हनुवटी थरथरत होती, हे मला दुर्बिणीतून स्वच्छ दिसले.

घरी येताना गाडीत ती एकच वाक्य बोलली: “आई, त्यांना वाटले तुम्ही त्यांच्यावर ओरडताय.” त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या रात्री मला आबांची फार आठवण झाली. गावच्या यात्रेतल्या कुस्त्या तुम्हाला आठवतात का? चीतपट झालेला पाहुणा मुलगा मान खाली घालून फडाबाहेर निघाला, की आबा उठून त्याच्या हातावर पाच रुपये ठेवत. एकदा कोणीतरी म्हणाले, हरलेल्याला कशाला देता? तेव्हा आबा म्हणाले होते, “हारना तरी त्याना आंगले बी माटी लागनी ना.” मी तेव्हा तुमच्या मांडीवर बसून ते ऐकले होते, आणि चाळीस वर्षांनी इतक्या लांब येऊन विसरले.

आता २६ जानेवारीविषयी. पहिली गोष्ट म्हणजे एका पथकाचे सादरीकरण चालू असताना मैदानाचे फाटक बंद ठेवा. चहावाले आणि फुगेवाले यांनाही तेवढा वेळ बाहेरच थांबवा, कारण अर्धा गोंगाट तिथूनच सुरू होतो. बाहेरगावच्या मुलांबरोबर पालक येत नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी टाळ्या वाजवायला कोणीच नसते. म्हणून यजमान शाळेचा एकेक वर्ग एकेका पाहुण्या पथकाला वाटून द्या. मुले आत येताना आणि बाहेर जाताना त्या वर्गाने उभे राहून टाळ्या वाजवाव्यात. इकडे प्रतिस्पर्धी बँडचे पालकही असे करतात, आणि मैदानात शिरणाऱ्या मुलांच्या चालण्यातला फरक लगेच दिसतो. कोणाचे वाद्य तुटले, काठी पडली, टोपी उडाली, तर निवेदकाने माइकवरून एक अक्षरही बोलू नये. विनोद तर मुळीच करू नये. निकाल वाचताना मुलांना उन्हात रांगेत उभे करू नका. प्रत्येक पथकाचा एकच प्रतिनिधी पुढे बोलवा आणि बाकीच्यांना सावलीत बसवा. आणि गुणांबद्दल ज्याला तक्रार असेल, त्याच्यासाठी मांडवाच्या मागे एक टेबल आणि एक समंजस शिक्षक ठेवा, म्हणजे रागाला जायला वाट मिळेल.

सातपुड्याच्या त्या शाळेला पुन्हा बोलावणार आहात ना? कृपा करून बोलवाच. ती मुले येणार असतील तर मला आधी कळवा. तुमच्या भाचीने तो सगळा प्रकार माझ्याकडून ऐकला आणि ज्याच्या ढोलाची दोरी सुटली होती, त्या मुलासाठी ढोलाच्या दोऱ्यांचा एक नवा जोड घ्यायला स्वतःचे साठवलेले पैसे दिले आहेत. ते तुमच्याकडे पाठवते. दोरी तिथलीच, त्याच्या ढोलाला बसेल अशी घ्या, आणि त्याला ती कार्यक्रमाच्या आधी, एकट्याला बोलावून द्या.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची धाकटी बहीण