उद्यमनगरच्या मेस्त्रीमामांस, चौथ्या चाकाबद्दल

रत्नागिरी

आदरणीय मेस्त्रीमामांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या गाळ्यातून चाकं नेली त्याला अख्खा पावसाळा उलटला. गाडी इथे उघड्या अंगणात उभी असते, समुद्राचा वारा थेट तिच्यावर येतो, तरी एकाही चाकावरचा रंग सुटलेला नाही. त्याबद्दल आभार आहेतच. पण पत्र लिहावंसं वाटलं ते चौथ्या चाकामुळे. त्याचं काम तुम्ही घेतलंच नाहीत. आणि पत्र असं उघड लिहितेय, कारण किनाऱ्यावरच्या बऱ्याच गाड्यांना हेच दुखणं आहे आणि प्रत्येकाला आंबा घाट चढून कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर गाठणं जमेलच असं नाही.

तुमच्याकडे रोज इतक्या गाड्या येतात, त्यामुळे आठवण करून देते. मी ती घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देणारी. कुणाचा गुडघा बदललेला, कुणाचा खुबा मोडलेला, कुणाला अर्धांगवायू. पावस, गोळप, मालगुंड असं माझं फिरणं. गाडी सेकंडहँड, आधीच्या मालकाने हौसेने अलॉय बसवलेली. दर्शनी बाजू लेथवर कापून चकचकीत केलेली. याला डायमंड कट म्हणतात हे मला तुमच्याकडेच कळलं. तोवर त्या चकचकाटाची रया पार गेली होती. वाडीवाडीतल्या अरुंद रस्त्यांवरून जाताना जांभ्याच्या गडग्यांनी कडा खरवडलेल्या, आणि लॅकरच्या, म्हणजे वरच्या पारदर्शक थराच्या, खालून पांढऱ्या नागमोडी रेघा पसरत चाललेल्या.

इथे एका दुकानात विचारलं तर म्हणाले, टायर काढायचीसुद्धा गरज नाही, कडेने कागद चिकटवून वरून सिल्व्हर स्प्रे मारतो, तासाभरात गाडी घेऊन जा. हे तुम्हाला सांगितल्यावर तुम्ही काही बोलला नाहीत. नखाने लॅकरचा एक पापुद्रा उचकटलात आणि बोट माझ्यापुढे धरलंत. बोटावर पांढरी भुकटी.

"ॲल्युमिनियम लोखंडागत लाल हुत न्हाई, म्हणून लोकास्नी वाटतंय गंजत न्हाई."

खडा उडून लॅकरला टोचा पडतो. कापलेल्या धारेवर तर लॅकर मुळातच पातळ बसतं. तिथून खारी हवा आत शिरते आणि लॅकर व धातू यांच्यामधून वाट काढत पुढे सरकते. वरून कितीही रंग मारा, खालचं काम चालूच राहतं. जुनं सगळं उतरवून धातू उघडा करायचा, तेव्हाच ते थांबतं. एवढं साधं कुणी आधी सांगितलं असतं तर मी स्प्रेचे डबे विकत आणले नसते!

मला चाकं पुन्हा तशीच चकचकीत हवी होती. तुम्ही ऐकलं नाहीत. दर वेळी लेथवर चढवलं की धातूचा एक थर जातो, एखाद-दोन वेळा चालतं, मग चाकाची जाडी धोक्यात येते. आणि कापलेल्या उघड्या धातूवरचं नुसतं लॅकर आमच्या हवेत फार दिवस तग धरत नाही. लेथचे पैसे वेगळे मिळाले असते, तेही तुम्ही सोडलेत. "साधा सिल्व्हर पावडर कोट घ्या. जरा गरीब दिसंल, पर ऱ्हाईल." आता मला तो गरीबपणाच आवडायला लागलाय.

आता ते चौथं चाक. डावं मागचं. त्यातली हवा सारखी उतरायची. पंक्चरवाल्याने पाण्यात बुडवून पाहिलं तर टायर ठणठणीत, बुडबुडे येत होते रिमच्या आतल्या कडेपासून. (मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणातले खड्डे ज्यांनी खाल्लेत त्यांना कारण सांगायला नको.) तो म्हणाला, आत ट्यूब टाका, विषय संपला. आणखी एकाने आर्गन वेल्डिंग सुचवलं. वर रंग बसला की कळणारसुद्धा नाही, असं वर आश्वासन.

"आवो ताई, कळणार न्हाई हीच तर भीती," तुम्ही म्हणालात.

मग तुम्ही जे केलंत ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. आतली कडा थिनरने लख्ख पुसलीत. तिच्यावर लालभडक रंग फवारलात आणि चहा सांगितलात. चहा होईपर्यंत तो रंग तसाच राहू दिलात. नंतर फडक्याने पुसून काढलात, इतका की लाल टिपूससुद्धा उरला नाही, आणि वरून पांढऱ्या पावडरचा पातळ फवारा मारलात. आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. आधी काहीच नाही. मग त्या पांढऱ्यावर एक लाल ठिपका, त्याच्या शेजारी दुसरा, आणि बघता बघता ते जोडून बोटभर लांबीची बारीक रेघ उमटली. भेगेत मुरलेला लाल रंग पावडरने बाहेर ओढून घेतला होता. ओतकामाच्या कारखान्यात नोकरी केलीत तेव्हापासूनची ही सवय, असं तुम्ही म्हणालात. डीपी, म्हणजे डाय पेनिट्रंट टेस्ट. तुम्हाला रोजचीच, माझ्या मात्र अंगावर काटा आला. याच चाकावर मी घाट उतरत होते.

वेल्डिंग का नको, हे तुम्ही समजावलंत ते अजून पाठ आहे. चाकाचा धातू नुसता ॲल्युमिनियमचा नसतो. त्यात साधारण ७ टक्के सिलिकॉन आणि चिमूटभर मॅग्नेशियम असतं. ओतून झाल्यावर चाक ५४० अंशांच्या आसपास तापवतात, पाण्यात विझवतात आणि मग दीडशे ते पावणेदोनशे अंशांवर काही तास मुरू देतात. त्याची ताकद या मुरवण्यात असते. वेल्डिंगची ज्योत लागली की भेगेच्या आजूबाजूची ती ताकद उतरते. भेग बुजलेली दिसते, पण शेजारचा धातू मऊ पडलेला असतो आणि पुढचा खड्डा त्यालाच खायचा असतो. ट्यूब टाकली तर हवा जात नाही, म्हणजे चाक तक्रारच करत नाही, आणि आत भेग वाढत राहते. तुमच्या मते ट्यूबवाला उपाय वेल्डिंगपेक्षा वाईट. मलाही आता तसंच वाटतं.

पेशंट जेव्हा "जरा चोळून द्या" म्हणतो आणि मी "आधी एक्स-रे काढा" म्हणून परत पाठवते, तेव्हा त्या दिवसाची माझी फी बुडते. म्हणून तुमच्या नकाराची किंमत मला बरोबर कळली.

त्याहून मोठी गोष्ट तुम्ही पुढे केलीत. ते चाक मला परत न देता ग्राइंडर लावून त्याची कडा आरपार कापलीत. मी दचकलेच. तुम्ही म्हणालात, भंगारात असंच दिलं तर कुणीतरी वेल्ड करून, रंगवून, दुसऱ्याच्या गळ्यात मारणार. कापलं की ते फक्त वितळवायच्या लायकीचं. मग चार फोन करून जोडीचं जुनं चाक मिळवलंत. नटांच्या भोकांमधलं अंतर, रुंदी, मधल्या भोकाचा व्यास, सगळं जुळवून पाहिलंत, आणि त्यालाही लाल रंग लावलात. रेघ उमटली नाही तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

रंगकाम दिसायला साधं होतं. जुना रंग केमिकलने उतरवला, खरवडलेल्या कडा घासून सारख्या केल्या, बारीक दाण्याचं ब्लास्टिंग झालं. पावडर मारायच्या आधी चाकं रिकामीच भट्टीत तापवलीत, कारण ओतीव धातूच्या पोटात अडकलेली हवा नंतर बाहेर पडली तर रंगाला टाचणीएवढी भोकं पडतात. मग पावडर, पुन्हा भट्टी, १८० ते २०० अंश, आणि तुम्ही घड्याळ धरून समोर उभे. पोराने मोबाईल काढला तर त्याला ओरडलात, "भाकरी न्हाई ती, करपली तर दुसरी थापायला." हसू आलं, पण कारणही लक्षात आलं: जास्त वेळ जास्त तापलं की तीच मुरवलेली ताकद हळूहळू उतरायला लागते.

सगळ्यात जास्त वेळ तुम्ही घालवलात तो रंग न लावायच्या जागांवर. नट बसतात त्या निमुळत्या भोकांत रबरी बुचं, मागे हबला टेकते त्या गोल पाठीवर टेप. मला ते उगाच वाटत होतं, म्हणून तुम्ही कोपऱ्यातलं दुसऱ्या कुणाचं तरी चाक काढून दाखवलंत. नटाखाली जाड रंगाचा थर चुरगळून निघालेला. रंग दबला की नट तेवढा सैल होतो. बाहेरून आवळलेला वाटतो, पण पकड गेलेली असते. चाकं रंगवून घेणाऱ्यांनी दुकानदाराला बाकी काही विचारलं नाही तरी चालेल, भोकांत बुचं घालणार का एवढं जरूर विचारावं.

निघताना नट समोरासमोरचे, टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्यावर आवळलेत आणि बजावलंत, "मलकापुरात थांबून परत बघा. घाट लागायच्या आत." थांबले. एक नट किंचित सरकला. चहाच्या टपरीवरचे लोक एक बाई पाना घेऊन गाडीशी वाकलेली बघून मदतीला धावले, त्यांनाही मग सगळी कथा सांगावी लागली.

बॅलन्सिंगची वजनं कडेला ठोकायच्याऐवजी आतून चिकटवायला सांगितलं होतंत, तसंच केलं. धुण्याचंही पाळते: चाक गार झाल्यावर, साध्या पाण्याने, ब्रेकची काळी धूळ साचू न देता. गाडी धुणारा ॲसिडची बाटली घेऊन येतो, त्याला लांबूनच हात दाखवते. स्टेपनीच्या लोखंडी डिस्कचं काम मात्र तुम्ही "हे घरीच करा, मला कशाला पैसे देताय" म्हणून सोडलंत. तारेच्या ब्रशने गंज काढला, पॉलिश पेपर मारला, रेड ऑक्साइड लावून वर सिल्व्हरचे दोन हात दिले. जवळून बघितलं तर ओघळ दिसतात. तुम्ही जवळून बघू नका.

एक विनंती आहे. माझा भाऊ दिवाळीनंतर त्याची गाडी घेऊन तुमच्याकडे येतोय. राहायला मुरुडला, समुद्राला लागून, आणि त्याला डायमंड कटच हवाय. मी सांगून थकले. त्याला ती पांढरी भुकटी बोटावर घेऊन दाखवा आणि जरा रागावाच. सोबत कोकम आणि फणसाची साठं पाठवते आहे, गाळ्यातल्या सगळ्यांना पुरतील इतकी. त्या मोबाईलवाल्या पोरालाही द्या.

आपली नम्र,
तुमच्या वहीत "रत्नागिरी, पांढरी गाडी" अशी नोंद असलेली