डोकं दुखत नाही म्हणून बीपीची गोळी बंद?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत उच्च रक्तदाबावर अधूनमधून लेख येतात. त्यांत हार्ट अटॅक असतो, लकवा असतो, किडनीही असते. चढा दाब मेंदूची ताकद वर्षानुवर्षं कशी पोखरतो, हे मात्र वाचायला मिळत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात माझं मेडिकलचं दुकान आहे. यंत्रमागावरची माणसं, विड्या वळणाऱ्या बायका महिन्याची गोळी न्यायला येतात आणि मग यायच्या बंद होतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "आता डोकं दुखत नाही, गोळी कशाला?"

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण आराम करतानाही शरीराची जवळपास 20 टक्के ऊर्जा तो एकटा खर्च करतो. ही ऊर्जा पेशींतल्या तंतुकणिका, म्हणजे मायटोकाँड्रिया, ग्लुकोज आणि ऑक्सिजनवर तयार करतात. मेंदूकडे शिल्लक जवळजवळ नसते. हातावर पोट असलेल्या मजुरासारखं रोजचं रोज. दाब कायम चढा राहिला की बारीक रक्तवाहिन्या जाड, ताठ होतात, गरजेला फुलत नाहीत. शिवाय दाब वाढवणारं अँजिओटेन्सिन-2 हे संप्रेरक पेशींत ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू वाढवतं. ते तंतुकणिकांना आणि त्यांच्या स्वतःच्या डीएनएला इजा करतात. बिघडलेली तंतुकणिका ऊर्जा कमी देते आणि तसलेच रेणू आणखी सोडते. मेंदूच्या देठात रक्तदाब सांभाळणारं केंद्र आहे. तिथं हा बिघाड झाला की दाब आणखी चढतो, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे.

यातलं बरंचसं प्राण्यांवरून कळलेलं आहे, हेही छापताना सांगावं. नाहीतर उद्या कुणीतरी 'मायटोकाँड्रियाचं टॉनिक' माझ्याच काउंटरवर आणून ठेवेल.

माणसांवरचा पुरावा वेगळा आहे. अमेरिकेतल्या 'स्प्रिंट माइंड' अभ्यासात (2019) वरचा आकडा 140 ऐवजी 120 च्या खाली आणायचं ठरवलेल्या गटात स्मरण आणि आकलनाची सौम्य घट कमी आढळली. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, कमी झाल्याचं मात्र सिद्ध झालं नाही. 120 प्रत्येकाला झेपेलच असं नाही, तो आकडा डॉक्टरांनी ठरवायचा. आपल्याकडे विसरायला होऊ लागलं की "वय झालं" म्हणून विषय संपतो. चाळिशीत बीपी किती होतं, हे कुणी विचारत नाही.

पथ्याचंही असंच. शेंगा चटणी, लोणचं, पापड कमी केला की लोकांना वाटतं, आता गोळी नको. मीठ कमी करावंच, पण डॉक्टरांना न विचारता गोळी सोडणं हा त्यातून काढलेला भलताच अर्थ.

विनंती दोन. एक, या विषयावर मोठ्या अक्षरांत चौकट छापा. कात्रण मी दुकानाच्या काचेला लावतो, तेलुगू बोलणाऱ्यांना समजावून सांगतो. दोन, विड्या जमा करायच्या ठिकाणी महापालिकेनं महिन्यातून एकदा बीपी तपासावं, म्हणजे बायकांची मजुरी बुडणार नाही. फक्त मशीनचे पट्टे दोन-तीन मापांचे असावेत. बारीक दंडाला मोठा पट्टा लावला की आकडा खरा असतो त्याहून कमी दिसतो आणि बाई 'नॉर्मल' म्हणून घरी जाते.

आपला,
एक औषधविक्रेता, पूर्व भाग, सोलापूर